काळी बाटली ग्रिलला, बॉडीला दुसरी: तामिया पॅनेल लाइन अ‍ॅक्सेंट कलर

मॉडेल गाड्यांचा नाद नव्याने लागलेल्याने आधी काय घ्यावं, असं विचारलं की बहुतेक जण एअरब्रशकडे बोट दाखवतात. मी या बाटलीकडे दाखवते: तामिया या जपानी मॉडेल कंपनीचा पॅनेल लाइन अ‍ॅक्सेंट कलर, म्हणजे गाडीच्या पत्र्यांमधल्या खाचा उठवायचा रंग. ४० मिलिलिटरची बुटकी काचेची बाटली, झाकणाला आतून ब्रश, आणि आत आधीच पातळ करून ठेवलेला इनॅमल रंग. मिसळामिसळ नाही, मापं नाहीत. हलवायची, झाकण काढायचं, ब्रशचं टोक दाराच्या फटीला टेकवायचं. पुढचं काम रंग स्वतः करतो. शाळेत केशाकर्षण शिकलो होतो ते इथे डोळ्यांसमोर घडतं: एका बिंदूवर टेकवलेला थेंब खाचेतून धावत दाराच्या कोपऱ्यावर वळतो आणि खालच्या कडेपर्यंत जाऊन थांबतो. इतक्या वेळा पाहूनही मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

वस्तू उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. माझं भांडण ती वापरण्याच्या पद्धतीशी आहे. दहापैकी नऊ जण काळी बाटली घेतात आणि गाडीच्या प्रत्येक रेघेत ओततात. पांढरी गाडी असो, पिवळी असो, रेघ काळीच. मग गाडी लहान मुलांच्या रंगवायच्या पुस्तकातून उचलून आणल्यासारखी दिसते. पैसे टाकून, वेळ घालवून, अंगठ्यावर डाग पाडून घेऊन मॉडेल आधीपेक्षा जास्त खेळण्यासारखं करायचं, याला काय म्हणावं?

मी नोकरीभर ड्राफ्टिंगच्या टेबलावर होते. संगणक येण्याआधी ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनने रेघा मारायचो तेव्हा सगळ्यात आधी शिकवत ते रेघेची जाडी. बाहेरची कड जाड, आतली बारीक, जिथे नुसता सांधा आहे तिथे त्याहून बारीक. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या मारल्या की ड्रॉइंग बरोबर असूनही वाचता येत नाही. मॉडेल गाडीचंही तेच आहे, फक्त इथे जाडी आपल्या हातात नसते. ती साच्याने ठरवलेली असते. आपल्या हातात असतो रेघेचा गडदपणा.

आता जरा हिशोब करू. खऱ्या गाडीत दार आणि फेंडर यांच्यामधली फट साधारण चार मिलिमीटर धरा. १/२४ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, ती होते ०.१७ मिलिमीटरच्या आसपास, आणि १/६४ मध्ये ०.०६. म्हणजे केसाची जाडी. एवढी बारीक खाच डाय-कास्टमध्ये, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या गाडीत, निघणं अवघडच. खाच उमटवायला साच्यात तेवढीच बारीक उभी धार ठेवावी लागते, आणि जस्ताचा मिश्रधातू ३८५ अंशांच्या आसपास वितळतो. तसला तापलेला धातू दाबाने पुन्हा पुन्हा अंगावर घेऊन ती धार टिकली पाहिजे. शिवाय वर रंगाचा थर येणार, म्हणून खाच मुद्दाम रुंद ठेवतात. समजा ती पाव मिलिमीटर आहे. चौसष्टने गुणा. सोळा मिलिमीटर! खऱ्या गाडीच्या दारात करंगळी जाईल एवढी फट. आणि या फटीत आपण काळाकुट्ट रंग भरून ती आणखी उठावदार करतो.

म्हणून माझा नियम साधा आहे. खऱ्या गाडीत जिथे भोक आहे, जिथून हवा आत जाते किंवा धूर बाहेर येतो, तिथे काळा. जिथे दोन पत्रे नुसते शेजारी आले आहेत, तिथे बॉडीच्याच रंगाची गडद छटा. रुंद झालेली फट गडद छटेने भरली की डोळा तिला सावली समजतो. काळ्याने भरली की डोळ्याला रेघ दिसते.

तामियाने हे ओळखूनच या मालिकेत काळ्याशिवाय बरेच रंग दिले आहेत: करडा, फिका करडा, गडद करडा, तपकिरी, गडद तपकिरी, लालसर गडद तपकिरी, नारिंगी तपकिरी. यातले काही खरं तर विमानं, रणगाडे आणि रोबो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवून आले असावेत असं मला वाटतं, पण गाड्यांना ते तितकेच लागू पडतात. पांढऱ्या बॉडीवर फिका करडा. तो बाटलीत पाहिला की इतका फिका वाटतो की हा दिसणार तरी का अशी शंका येते. दिसतो, आणि बरोबर तेवढाच दिसतो जेवढी पांढऱ्या गाडीची फट चार पावलांवरून दिसते. लाल बॉडीवर लालसर गडद तपकिरी. पिवळ्यावर नारिंगी तपकिरी. तिथे काळा वापरला तर कडेला हिरवट झाक आल्याचा भास होतो, आणि ती एकदा नजरेत बसली की जात नाही. चंदेरी आणि निळ्यावर गडद करडा. हिरव्यासाठी मी गडद तपकिरी वापरते. तो पुस्तकी नियम नाही, माझी आवड आहे.

एकाच गाडीवर दोन छटा वापरायलाही हरकत नाही. दार आणि बोनेट यांना थोडी गडद, पेट्रोलच्या झाकणाला आणि बंपरच्या सांध्याला त्याहून फिकी. खऱ्या गाडीत दाराची फट खोल असते, आत अंधार असतो. बंपरचा सांधा तसा उथळ. हा फरक कोणी बोट दाखवून सांगणार नाही, पण गाडी हातात घेणाऱ्याला ती उगाचच पटते.

मग काळी बाटली घ्यायचीच नाही का? घ्यायची, आणि तिच्यासाठी जागा भरपूर आहेत. १/२४ च्या किटमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या संचात, जुन्या अमेरिकन गाडीचं क्रोमचं ग्रिल येतं ते घ्या. स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग जिला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर, असताना ते एक चकाकणारं सपाट पान असतं. आडव्या पट्ट्या आहेत हे कळतं, पण पट्ट्यांच्या मागे काही आहे असं वाटत नाही. काळ्या वॉशने, म्हणजे याच पातळ रंगाने, ब्रश भरून ते सरळ माखून टाका. सगळं काळं होतं आणि आपण वाटोळं केलं अशी पाचेक मिनिटं जातात. मग कागदी टिश्यूची घडी बोटावर ताणून, अजिबात थिनर न लावता, ग्रिलच्या नुसत्या माथ्यावरून एकदाच फिरवा. पट्ट्यांच्या कडा लख्ख होतात, मधल्या खाचा काळ्या राहतात आणि त्या सपाट पानाला खोली येते. मागे रेडिएटर असल्यासारखं वाटायला लागतं. या मालिकेतलं सगळ्यात कमी कष्टाचं आणि सगळ्यात जास्त फळ देणारं काम हेच. क्रोमवरच्या संरक्षक थरामुळे इनॅमल तिथे निमूट बसतो. फक्त स्प्रूवरून कापल्यावर क्रोम निघालेली पांढरी टोकं आधी चंदेरी रंगाने टिपून घ्या, नाहीतर वॉश तिथे प्लास्टिकमध्ये शिरून डाग धरतो.

चाकांचंही असंच. १/६४ च्या साध्या डाय-कास्टमध्ये चाक म्हणजे एकसंध प्लास्टिक, त्यावर क्रोमसारखी छपाई. आऱ्यांच्या मधल्या खोलगट जागेत काळ्याचा एकेक थेंब सोडला की आरे सुटे दिसू लागतात. थेंब सोडायचा, घासायचं नाही. ती चकाकी पातळ असते आणि थिनर लावून चोळली तर काळ्याबरोबर तीही निघते. नुसत्या चाकांवर थांबलात तरी स्वस्तातली गाडी कपाटात वेगळी उठून दिसते. तसं पाहिलं तर हे काही नवं नाही. लेस्नी या ब्रिटिश कंपनीच्या सुरुवातीच्या मॅचबॉक्स गाड्यांवर १९५० च्या दशकात कारखान्यातच ग्रिल आणि बंपरला चंदेरी रंग लावलेला असायचा. आपण त्याच कामाची दुसरी बाजू करतोय, उजेडाऐवजी सावली लावतोय.

आता पुसण्याबद्दल, कारण लावणं कोणालाही जमतं. इनॅमल हाताला सुकल्यासारखा लागायला वेळ घेतो आणि तोच त्याचा फायदा आहे. मी लावून अर्धा-पाऊण तास बाजूला ठेवते. मग कॉटन बड इनॅमल थिनरमध्ये बुडवते आणि लगेच टिश्यूवर दाबून जवळजवळ कोरडा करते. ओला बड हा सगळ्यात मोठा शत्रू. पुसायचं खाचेला आडवं. खाचेच्या दिशेने पुसलं की कापूस आत शिरून रंग ओढून बाहेर काढतो आणि रेघ मधेच तुटते. दाराच्या हँडलपाशी बड जाड पडतो. तिथे टोकदार बड वापरा किंवा टूथपिकवर कापसाचे दोन तंतू गुंडाळा. एक बाजू मळली की बड फिरवा, दोन्ही बाजू मळल्या की फेकून द्या. बडमध्ये काटकसर केली तर तोच मळ पुढच्या दारावर पसरतो.

झाकणातला ब्रश १/२४ साठी पुरेसा आहे, १/६४ साठी जाड पडतो. लहान गाड्यांना मी स्वतःचा शून्याच्या मापातला बारीक ब्रश बाटलीत बुडवून वापरते. बाटली न हलवता वापरू नका. रंगद्रव्य तळाला बसतं आणि वरून नुसतं रंगीत पाणी येतं. मग लोक म्हणतात रंग फिका आहे.

हा वॉश कशावर बसतो आणि कशावर नाही, हे लावण्याआधी माहीत हवं. ग्लॉस पृष्ठभागावर तो धावतो. मॅटवर तो पसरतो, कडेला पाण्याच्या रेषेसारखा डाग सोडतो आणि तो डाग पूर्ण निघत नाही. बॉडी लॅकर किंवा अ‍ॅक्रिलिकने रंगवली असेल आणि रंग नीट वाळला असेल तर इनॅमल थिनर त्याला धक्का लावत नाही. या सगळ्या पद्धतीचा पाया तोच आहे. बॉडीच इनॅमलने रंगवली असेल तर मात्र लांब राहा, कारण पुसताना वॉशबरोबर बॉडीचा रंगही विरघळेल. डेकल, म्हणजे पाण्याने चिकटवायची छापील चित्रं, लावली असतील तर त्यांच्यावर आधी क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, हवा. कोट नसलेल्या डेकलची कड थिनरने उचलली जाऊ शकते.

उघड्या प्लास्टिकची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. रंग न लावलेल्या पॉलिस्टायरीनवर हा वॉश थेट सोडला आणि तो भाग ताणाखाली असला तर प्लास्टिकला तडा जातो. दाबून बसवलेली खुंटी, ओढून बसवलेला बंपर, बिनगोंदाच्या किटचे सांधे, हे सगळे ताणाखालचेच भाग. द्रावक सांध्यात शिरतो, साचून राहतो, आणि तडा दुसऱ्या दिवशीही दिसू शकतो. एबीएस प्लास्टिक तर याबाबतीत आणखी हळवं. उपाय एकच: आधी प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) किंवा क्लिअर कोट, आणि शक्यतो भाग जोडण्याआधीच वॉश. खाचेत थोडाच सोडायचा, तळं करायचं नाही.

डाय-कास्टवाल्यांना तडा जायची भीती कमी, पण त्यांच्यासाठी एक सापळा आहे. १/६४ गाडीत काचा म्हणजे एकच पारदर्शक तुकडा, आतून बॉडीला टेकलेला, आणि सगळं खालून रिव्हेटने बंद. विंडशील्डच्या कडेला वॉश टेकवला की केशाकर्षण तिथेही आपलं काम करतं. रंग बॉडी आणि काच यांच्यामधून आत जातो आणि काचेच्या आतल्या बाजूला पसरतो. बाहेरून कितीही पुसा, डाग हलत नाही. मग रिव्हेट ड्रिल करून गाडी उघडणं हाच मार्ग. म्हणून गाडी बंद असेल तर काचेच्या चौकटीपासून दूर राहा. तिथली काळी कड हवीच असेल तर बारीक टोकाचा मार्कर बरा. तो जिथे टेकवाल तिथेच राहतो.

१/१८ मधल्या उघडणाऱ्या दारांना वॉश लावूच नका. तिथे खरी फट आहे, खरी सावली पडते. आणि रंग बिजागरीत गेला तर दार उघडताना चिकटणार. छापलेले दिवे, नंबर आणि बिल्ले यांच्यावर थिनरचा बड नेण्याआधी गाडीच्या तळाला एका कोपऱ्यात घासून पाहावं. कारखान्यातला रंग बहुधा तग धरतो, वरची छपाई धरेलच असं नाही.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पॉलिश आणि मेण. किटची बॉडी पॉलिशच्या कंपाउंडने घासून चकचकीत केली की कंपाउंडचा पांढरा लगदा प्रत्येक खाचेत जाऊन बसतो. तो वाळल्यावर खाच उथळ होते, वॉश धावत नाही, थेंबाथेंबाने अडतो. दोष बाटलीचा नसतो. मऊ टूथब्रश आणि साबणाचं कोमट पाणी घेऊन खाचा आधी धुवायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या, मग वॉश. मेण असेल तर ते सगळ्यात शेवटी, वॉश पक्का झाल्यावर. मेणावर वॉश बसत नाही, मोत्यासारखा गोळा होऊन राहतो.

आणि खाचच नसेल तर? किटमध्ये प्रायमर, रंग, क्लिअर असे थर चढता चढता मुळातली बारीक खाच बुजते. बुजलेल्या खाचेत कोणताही वॉश धावत नाही. म्हणून रंग लावण्याआधी दार-बोनेटच्या रेघा स्क्रायबरने, म्हणजे खाच कोरायच्या टोकदार अवजाराने, किंवा ब्लेडच्या पाठीने, हलक्या हाताने पुन्हा ओढून खोल करायच्या. रुंद नाही, खोल. दाब वाढवण्यापेक्षा फेऱ्या वाढवायच्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही.

पर्याय आहेत, तेही वापरून पाहिलेत. चित्रकारांचा तेलरंग व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून हवी ती छटा घरी बनवता येते. रंगाच्या बाबतीत तो या बाटलीपेक्षा सरस, कारण बॉडीच्या रंगातच थोडा गडद मिसळून नेमकी सावली मिळते. पण वाळायला फार वेळ घेतो आणि प्रत्येक वेळी पातळपणा वेगळा येतो. पाण्यात विरघळणारे अ‍ॅक्रिलिक वॉश वासाला सौम्य आहेत, पण ग्लॉसवर पाणी आकसतं आणि ते धावायला कुरकुर करतात. भांड्याच्या साबणाचा अंश घातला की थोडे सुधारतात. वाळल्यावर मात्र पुसायला कठीण. बारीक टोकाचे मार्कर सरळ रेघेला छान, वळणावर हात हलला की दिसतं. पेन्सिलने ओढलेली रेघ बोट लागलं की पुसट होते. सोय, धावणं आणि चुकलं तर पुसून पुन्हा करण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी एकत्र फक्त या बाटलीत मिळतात. घरात लहान मूल असेल किंवा बंद खोलीत काम करावं लागत असेल तर मात्र अ‍ॅक्रिलिककडेच वळा. याचा वास डोक्यात जातो, आणि तो आणि थिनर दोन्ही ज्वालाग्राही आहेत.

कोणत्या बाटल्या घ्याव्यात? माझ्या मते पहिली गडद करडी. चंदेरी, निळी, करडी, गडद हिरवी, एवढ्या गाड्या तिच्यावर निभावतात. दुसरी काळी, ग्रिल आणि चाकांसाठी. तिसरी फिकी करडी किंवा लालसर तपकिरी, तुमच्या कपाटात पांढऱ्या जास्त की लाल, त्यावर. बाकीच्या गरज पडेल तेव्हा. एका गाडीला इतकासा रंग लागतो की बाटली संपण्यापेक्षा सुकून जाण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा झाकण लावण्याआधी बाटलीच्या गळ्यावरचा रंग पुसून घ्या. तो चिकटला की झाकण नीट बसत नाही आणि द्रावक उडून जातो. घट्ट झालेल्या रंगात इनॅमल थिनरचे थोडे थेंब घालून तो परत वापरता येतो.

काळ्या गाडीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. तिला काही लावू नका. काही जण करड्याने रेघा उठवतात, म्हणजे सावलीच्या जागी उजेड भरतात. फोटोत ते छान दिसतं हे मी मान्य करते. माझ्या कपाटातल्या काळ्या गाड्यांना मी फक्त ग्रिल आणि चाकं करते, आणि बॉडी नीट पॉलिश करून ठेवून देते.